क्लच नसलेली सेडान

अमेरिकेत होंडा अकॉर्डचे २०२१ सालचे मॉडेल शोरूममध्ये आले, तेव्हा त्यातल्या एकाही गाडीत क्लचचे पेडल नव्हते. १९७६ साली अकॉर्ड पहिल्यांदा विकायला आली तेव्हापासून तिच्या प्रत्येक पिढीत हाताने गिअर टाकायची गाडी मिळत होती. दहाव्या पिढीच्या मध्यावर ती बंद झाली. टोयोटा कॅमरीतून मॅन्युअल गिअर त्याच्या कितीतरी आधी, २०११ च्या मॉडेलनंतरच गेला होता. सुबारू लेगसी, फोर्ड फ्यूजन, मझदा ६ या त्याच वर्गातल्या गाड्यांनीही मधल्या काळात एकेक करून तीच वाट धरली.

अकॉर्ड आणि कॅमरी या शर्यतीच्या किंवा मिरवायच्या गाड्या नव्हेत. चार दारे, पाच माणसांची जागा, मागे प्रवासाच्या बॅगा मावतील अशी डिकी, आणि शाळा, ऑफिस, वाणसामान, सुट्टीतले आजोळ असा सगळा संसार ओढणारी ही गाडी. १९८९ साली अकॉर्ड अमेरिकेतली सर्वांत जास्त खपाची मोटार ठरली. परदेशी कंपनीच्या गाडीला हा मान तेव्हा पहिल्यांदा मिळाला. १९९७ नंतर बहुतेक वर्षे तो कॅमरीकडे राहिला. बाजाराचा खरा कल अशा घरच्या गाडीवरून कळतो, कारण ती घेताना माणूस हौस बाजूला ठेवतो आणि सगळ्यांची सोय पाहतो.

अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था दरवर्षी नव्या गाड्यांचा तपशील गोळा करते. कार, एसयूव्ही, व्हॅन आणि पिकअप एकत्र धरले, तर १९८० साली तिथे तयार होणाऱ्या नव्या गाड्यांपैकी सुमारे ३५ टक्के मॅन्युअल होत्या. २०२० च्या आसपास हे प्रमाण एक टक्क्यावर आले. चाळीस वर्षांत इतकी घसरण का झाली, हे समजायचे तर क्लच आणि गिअर नेमके काय करतात तिथपासून सुरुवात करावी लागते.

पेट्रोल इंजिन ठरावीक वेगाने फिरत असतानाच नीट ताकद देते. फेरे फार कमी झाले की ते धडधडून बंद पडते आणि फार वाढले की त्याचे भाग झिजतात. चाकांना मात्र शून्यापासून ताशी दीडशे किलोमीटरपर्यंत कोणत्याही वेगाने फिरायचे असते. या दोहोंची सांगड गिअरबॉक्स घालतो. पहिल्या गिअरमध्ये इंजिन खूप फिरते आणि चाक थोडे, त्यामुळे जोर मिळतो. पाचव्या गिअरमध्ये इंजिन निवांत फिरते आणि गाडी पळते. गिअर बदलताना इंजिन आणि गिअरबॉक्स यांची जोडणी क्षणभर तोडावी लागते. ते काम क्लचचे.

ऐकायला सोप्या वाटणाऱ्या या कामातला कठीण क्षण सगळ्या शिकाऊ चालकांना ठाऊक असतो. उड्डाणपुलाच्या चढावर सिग्नल लागलेला, मागे गाडी अगदी चिकटून उभी, आणि दिवा हिरवा होतो. डावा पाय क्लचवरून हळूहळू उचलायचा, उजवा पाय ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर न्यायचा, डाव्या हाताने हँडब्रेक सोडायचा. क्लच पकड घेऊ लागला की बॉनेट किंचित उचलल्यासारखे होते, इंजिनाचा आवाज जड होतो. तो क्षण पायाला कळला तर गाडी पुढे जाते. पाय लवकर उचलला तर आचका देऊन बंद पडते, उशीर झाला तर मागे सरकते. हाफ क्लचचे हे गणित पुस्तकातून येत नाही, तळपायातून येते. एकदा आले की आयुष्यभर विसरत नाही, आणि ते येईपर्यंतचे दोन-तीन आठवडे घामाचे असतात.

सुरुवातीच्या मोटारींत हे काम याहून अवघड होते. फ्रान्सच्या पानार-लव्हासोर कंपनीने १८९० च्या दशकात पुढे इंजिन, मग क्लच, मग गिअरबॉक्स अशी जी मांडणी रूढ केली, तिच्यातले दात एकमेकांत थेट सरकवावे लागत. दोन्ही चक्रांचा वेग जुळला नाही की दातांवर दात घासून कर्कश आवाज व्हायचा. १९२८ साली कॅडिलॅक गाड्यांत सिंक्रोमेश आले. पितळेच्या छोट्या शंकूसारख्या भागांच्या घर्षणाने दोन चक्रांचा वेग आधी सारखा करून घ्यायचा आणि मग दात अडकवायचे, ही ती युक्ती. आजच्या प्रत्येक मॅन्युअल गाडीत ती आहे. ती शोधली अर्ल थॉम्प्सन या अमेरिकी अभियंत्याने. याच थॉम्प्सनच्या नेतृत्वाखाली पुढे जनरल मोटर्समध्ये पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तयार झाला. हायड्रामॅटिक हे त्याचे नाव. १९३९ च्या शेवटी तो १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत आला, तेव्हा गाडीच्या किमतीवर त्यासाठी फक्त ५७ डॉलर जास्त पडत. हाताचा गिअर सुसह्य करणारा माणूस आणि तो अनावश्यक करणारा माणूस एकच होता, ही मोटारींच्या इतिहासातली लक्षात राहणारी गोष्ट आहे.

हायड्रामॅटिकमध्ये क्लचच्या जागी तेलाने भरलेले दोन पंखे होते. समोरासमोर ठेवलेल्या टेबलफॅनपैकी एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही फिरू लागतात, तसे एका पंख्याने ढवळलेले तेल दुसऱ्याला फिरवते. दुसरा थांबला तरी पहिला फिरत राहू शकतो, म्हणून सिग्नलला गाडी उभी असताना इंजिन बंद पडत नाही. दुसऱ्या महायुद्धात हीच यंत्रणा अमेरिकी रणगाड्यांत वापरली गेली. युद्ध संपल्यावर ब्यूक, पॅकार्ड, शेव्हरले, फोर्ड अशा सगळ्यांनी आपापले ऑटोमॅटिक आणले. १९५० चे दशक संपेपर्यंत अमेरिकी कुटुंबाच्या मोठ्या सेडानमध्ये ऑटोमॅटिक ही नेहमीची गोष्ट झाली होती.

मग १९८० साली एक तृतीयांशाहून जास्त गाड्या मॅन्युअल कशा? उत्तर तेलात आहे. १९७३ आणि १९७९ च्या तेलटंचाईत अमेरिकेतल्या पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. त्या काळच्या ऑटोमॅटिकमध्ये तीनच गिअर असत, आणि तेलाच्या पंख्यांची घसरण सतत चालू असल्याने इंजिनाच्या ताकदीचा काही भाग तेल तापवण्यातच खर्ची पडे. पाच गिअरची मॅन्युअल गाडी त्याच पेट्रोलमध्ये जास्त अंतर जाई. १९७५ च्या कायद्याने कंपन्यांवर सरासरी मायलेजची सक्ती आली. १९८५ पर्यंत कारसाठी ते गॅलनला साडेसत्तावीस मैल, म्हणजे लिटरला साधारण ११.७ किलोमीटर व्हावे, असे ठरले. नेमक्या याच काळात छोट्या जपानी गाड्या आल्या. पहिल्या अकॉर्डमध्ये पाच गिअरचा मॅन्युअल मिळे. ऑटोमॅटिक हवा असेल तर त्याला दोनच गिअर होते. १९८२ च्या नोव्हेंबरपासून ओहायोतल्या मेरिसव्हिलच्या कारखान्यात अकॉर्ड तयार होऊ लागली. अमेरिकेच्या भूमीवर बनलेली ती पहिली जपानी मोटार. मॅन्युअलची ही दुसरी लाट मुख्यतः काटकसरीची होती. त्यातल्या बहुतेकांनी क्लच पत्करला तो पेट्रोल वाचवण्यासाठी आणि गाडी स्वस्तात पडावी म्हणून. पुढे जे घडले त्याची किल्ली इथे आहे: ज्या कारणांसाठी कुटुंबांनी मॅन्युअल घेतले, ती कारणेच एकेक करून नाहीशी झाली.

पहिले गेले ते मायलेज. १९७० च्या दशकाच्या शेवटी टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे त्या तेलाच्या पंख्यांच्या सुधारित रूपात, एक छोटा क्लच बसवला जाऊ लागला. गाडीने वेग धरला की तो दोन्ही पंखे एकमेकांना घट्ट जोडतो आणि घसरण थांबते. गिअरही वाढत गेले. तीनाचे चार झाले; २००१ साली जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक बीएमडब्ल्यूच्या मोठ्या सेडानमध्ये आला; २००६ साली लेक्ससने आठ गिअर दिले; आणि २०१८ च्या अकॉर्डमधल्या मोठ्या इंजिनाला दहा गिअरचा ऑटोमॅटिक मिळाला. गिअर जितके जास्त, तितके इंजिन आपल्या सोयीच्या फेऱ्यांत जास्त वेळ राहते. हाताने दहा गिअर बदलत शहरातून गाडी नेणे कोणालाही नको असते, त्यामुळे घरगुती गाड्यांतला मॅन्युअल सहावर थांबला.

दुसरीकडे सीव्हीटी नावाची वेगळी यंत्रणा होती. तिच्यात ठरावीक गिअरच नसतात. दोन पुलींवरून एक पट्टा फिरतो, पुलींच्या शंकूसारख्या बाजू जवळ-लांब होतात, आणि पट्टा वर-खाली सरकून हवे ते प्रमाण साधतो. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ साली रबरी पट्ट्याची अशी छोटी मोटार आणली होती. पुढे पट्टा पोलादी झाला आणि त्याचे नियंत्रण संगणकाकडे गेले. २०१३ च्या अकॉर्डमध्ये ही सीव्हीटी आली, तेव्हा अमेरिकी सरकारी चाचणीत त्याच इंजिनाच्या सहा गिअरच्या मॅन्युअल गाडीला गॅलनमागे एकत्रित २८ मैल मिळाले आणि सीव्हीटीला ३०. लिटरच्या हिशेबात ते ११.९ आणि १२.८ किलोमीटर होतात. फरक मोठा नाही. पण तो उलट्या दिशेने होता, आणि मॅन्युअल घेतल्याने पेट्रोल वाचते हे वडीलधाऱ्यांचे वाक्य तिथे खोटे ठरले.

यामागचे कारण यंत्राइतकेच माणसातही आहे. संगणक सेकंदात कितीतरी वेळा इंजिनावरचा भार मोजतो आणि इंजिन बंद पडणार नाही इतक्या कमी फेऱ्यांवर गाडी ठेवतो. माणूस बोलत असतो, आरशात पाहत असतो, दमलेला असतो. तो गिअर उशिरा वाढवतो आणि उशिरा कमी करतो. उत्तम चालक आजही संगणकाच्या जवळपास पोचू शकतो. पण कंपन्यांना २०१२ च्या नियमांनी २०२५ पर्यंत गॅलनला साडेचोपन्न मैलांच्या सरासरीचे लक्ष्य दिले होते, आणि अशा हिशेबात दशांशालाही किंमत असते. गाडी कोण चालवेल यावर अवलंबून राहण्यापेक्षा ते काम यंत्राकडे देणे कंपनीला सोयीचे ठरले. पुढे हे लक्ष्य बदलत गेले, पण तोवर गाड्यांचे आराखडे ठरून गेले होते.

दुसरे कारण किमतीचे. २०१३ च्या सर्वांत साध्या अकॉर्डमध्ये मॅन्युअल घेतला तर सुमारे ८०० डॉलर वाचत. २०१८ मध्ये मोठ्या इंजिनाच्या स्पोर्ट प्रकारात मॅन्युअल आणि दहा गिअरचा ऑटोमॅटिक एकाच किमतीला मिळू लागले. बचत संपली तिथे काटकसरी गिऱ्हाईकही संपले. उरले ते फक्त आवडीने गिअर टाकणारे. आणि मोठ्या कारखान्यात आवडीचे गणित बसणे कठीण असते. मॅन्युअल गाडीसाठी वेगळा गिअरबॉक्स, वेगळे पेडल, मधल्या बोगद्याचे वेगळे भाग, वेगळे सॉफ्टवेअर लागते. प्रत्येक इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडीची प्रदूषणाची आणि मायलेजची मान्यता वेगळी मिळवावी लागते. लाखो गाड्यांत हा खर्च दिसत नाही, काही हजारांत मात्र अंगावर येतो.

इथून एक चक्र सुरू होते, आणि मॅन्युअलच्या ऱ्हासात त्याचा वाटा सहसा सांगितला जातो त्याहून मोठा आहे. मागणी घटली म्हणून कंपनी मॅन्युअल फक्त सर्वांत साध्या प्रकारात ठेवते. चामड्याच्या सीटा, चांगली ध्वनियंत्रणा, सनरूफ हवे असणाऱ्या कुटुंबाला तो मिळतच नाही. डीलर आवारात उभ्या केलेल्या गाड्यांतूनच बहुतेक विक्री करतो. जी गाडी महिनोन्महिने उभी राहील ती तो मागवत नाही. गिऱ्हाईक चालवून पाहायला येते तेव्हा मॅन्युअल समोर नसतो. मागवून घ्यायचा तर महिनाभर थांबा. पुढे गाडी विकताना घेणारा कमी. दरवर्षी आकडा खाली येतो आणि तो आकडाच पुढच्या कपातीचे समर्थन होतो. गिऱ्हाइकांनी मॅन्युअल नाकारला हे खरे आहे. पण शेवटच्या दहा वर्षांत बऱ्याच जणांपुढे तो नाकारण्यासाठीसुद्धा ठेवला गेला नव्हता.

कुटुंबाच्या गाडीत आणखी एक साधी गोष्ट काम करते. ती गाडी एकट्याची नसते. नवरा-बायको दोघे ती चालवतात, सोळाव्या वर्षी परवाना मिळालेला मुलगा चालवतो, कधी पाहुणे आलेले आजोबा चालवतात. त्यांच्यातल्या एकालाही क्लच येत नसेल तर गाडी ऑटोमॅटिकच घ्यावी लागते. घरात मॅन्युअल नसला की पुढची पिढी तो शिकत नाही, आणि अमेरिकेतल्या बहुतेक ड्रायव्हिंग स्कूलमध्येही तो शिकवत नाहीत. एका पिढीची सोय ही पुढच्या पिढीची अडचण होते. भारतातून तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांना याचा उलटा अनुभव येतो. क्लचची सवय असलेला डावा पाय पहिल्या काही दिवसांत आपोआप खाली जातो, ऑटोमॅटिकच्या रुंद ब्रेक पेडलवर आदळतो, आणि सीटबेल्टमध्ये अडकलेले सगळे एकदम पुढे झुकतात. तो पाय मागे, सीटखाली दुमडून ठेवायचा सल्ला जुनेजाणते पहिल्याच दिवशी देतात.

सुरक्षेच्या नव्या सोयींनी क्लचची जागा आणखी आक्रसली. पुढच्या गाडीपासून अंतर राखून आपोआप वेग कमी-जास्त करणारी क्रूझ यंत्रणा आता साध्या सेडानमध्येही असते. वाहतूक कोंडीत ती गाडी पूर्ण थांबवते आणि पुन्हा सुरू करते. मॅन्युअल गाडीत ती थांबवण्यापर्यंत जाऊ शकत नाही, कारण क्लच दाबायला कोणी नसेल तर इंजिन बंद पडेल. समोर अडथळा दिसताच स्वतःहून ब्रेक लावणारी यंत्रणा सप्टेंबर २०२९ पर्यंत सगळ्या नव्या हलक्या गाड्यांत असावी, असा नियम अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा प्रशासनाने २०२४ मध्ये जाहीर केला. मॅन्युअलमध्ये तिला मनाई नाही, पण ती जोडण्याचा आणि तपासण्याचा खर्च मूठभर गाड्यांवर पडतो.

हायब्रिडने तर प्रश्नच मिटवला. टोयोटाच्या हायब्रिडमध्ये पेट्रोल इंजिन आणि विजेच्या मोटारी एका ग्रहमालेसारख्या गिअरजोडणीतून एकत्र काम करतात. कोणत्या क्षणी कोणी किती जोर लावायचा हे संगणक ठरवतो. तिथे माणसाने गिअर टाकण्याला जागाच नसते. २०२५ च्या मॉडेलपासून अमेरिकेतली प्रत्येक कॅमरी हायब्रिड आहे. विजेची मोटार शून्य फेऱ्यांपासून पूर्ण जोर देते, म्हणून पूर्ण विद्युत गाडीला सहसा एकच गिअर पुरतो.

याच काळात सेडानही मागे पडली. उंच बसायची, मोठ्या दाराची एसयूव्ही अमेरिकी कुटुंबांना जास्त आवडू लागली. एप्रिल २०१८ मध्ये फोर्डने उत्तर अमेरिकेत मस्टँग वगळता बहुतेक सगळ्या कार बंद करण्याचे जाहीर केले, आणि २०२० मध्ये फ्यूजनचे उत्पादन थांबले. विक्री घटत असलेल्या वर्गात दोन-दोन गिअरबॉक्स ठेवण्याची उमेद कोणत्याच कंपनीला नव्हती. मॅन्युअल आता होंडा सिव्हिक एसआय, फोक्सवॅगन जेटा जीएलआय यांसारख्या थोड्या वेगवान सेडानमध्ये आणि मझदा एमएक्स-५ सारख्या दोन माणसांच्या गाड्यांत उरला आहे. एकेकाळी स्वस्ताईची खूण असलेला क्लच आता हौसेची खूण झाला आहे.

इतर देशांत हाच बदल वेगळ्या गतीने झाला. जपानने १९९१ साली फक्त ऑटोमॅटिकसाठी वेगळा परवाना सुरू केला. जर्मनीत मॅन्युअलचे प्राबल्य बराच काळ टिकले. तिथे ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर परवानाही तेवढ्यापुरताच मिळे. म्हणून सगळे क्लचवरच शिकत. एप्रिल २०२१ पासून मॅन्युअलचे काही तास पूर्ण करून परीक्षा ऑटोमॅटिकवर देता येते, आणि परवाना दोन्हींचा मिळतो.

भारतात बिनगिअरची सवय आधी दुचाकीवर लागली. पुण्याच्या आकुर्डीत १९७२ पासून बनणाऱ्या बजाज चेतकमध्ये डाव्या मुठीतला क्लच दाबून अख्खी मूठ वर-खाली फिरवायची आणि गिअर बदलायचा. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकने १९८४ साली होंडाशी भागीदारी केली आणि पट्टा-पुलीची, बटनावर सुरू होणारी स्कूटर आणली. डाफच्या १९५८ च्या मोटारीतले तत्त्व असे मराठी घरात पोचले. मूठ पिळली की गाडी चालते, यामुळे पुणे-नाशिकच्या किती मुली आणि काकू पहिल्यांदा स्वतःच्या गाडीवर बसल्या, हे त्या काळात वाढलेल्या कोणालाही आठवते. २००१ च्या ॲक्टिव्हानंतर स्कूटर म्हणजे बिनगिअरचीच असे समीकरण झाले.

चारचाकीत मात्र ऑटोमॅटिक फार काळ श्रीमंतांचे राहिले. गाडीची किंमत लाखभराने वाढायची, मायलेज कमी व्हायचे, आणि बिघडल्यास गावात दुरुस्ती करणारा नसायचा. ही तिढ्याची गाठ २०१४ साली सुटू लागली. मारुतीच्या सेलेरिओत एएमटी आली. ही वेगळी गिअरपेटी नव्हेच; नेहमीचा मॅन्युअल गिअरबॉक्स तसाच ठेवून क्लच दाबणारा पाय आणि दांडा हलवणारा हात, यांच्या जागी संगणकाने चालणारी छोटी यंत्रणा बसवलेली असते. म्हणून ती स्वस्त पडते. सेलेरिओच्या मॅन्युअल आणि एएमटी दोन्हींचे प्रमाणित मायलेज लिटरला २३.१ किलोमीटर होते. त्याच वर्षी टाटाच्या झेस्ट या छोट्या सेडानमध्ये डिझेल इंजिनाला एएमटी मिळाली.

एएमटीचा दोष चालवताना लगेच कळतो. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना गाडी क्षणभर श्वास रोखल्यासारखी थांबते आणि सगळ्यांच्या माना एकदम पुढे होतात. ओव्हरटेक करताना हा क्षण नकोसा वाटतो. पण रोज दोन तास शहरातल्या कोंडीत काढणाऱ्याला मान हलण्यापेक्षा डाव्या गुडघ्याची दुखणी मोठी असतात. पुणे, मुंबई, ठाणे इथल्या गिऱ्हाइकांनी हा हिशेब चटकन केला. २०२४ च्या नव्या डिझायरमध्ये तर मॅन्युअलचे प्रमाणित मायलेज लिटरला २४.७९ किलोमीटर आणि एएमटीचे २५.७१ आहे. अकॉर्डमध्ये २०१३ साली जे घडले, तेच अकरा वर्षांनी भारताच्या सर्वांत ओळखीच्या सेडानमध्ये घडले.

वरच्या किमतीच्या सेडानमध्ये क्लच त्याआधीच गेला होता. २०१९ ला भारतात आलेली पेट्रोल सिव्हिक फक्त सीव्हीटीत होती. औरंगाबादेत जुळवली जाणारी २०२१ ची स्कोडा ऑक्टाव्हिया केवळ दुहेरी क्लचच्या ऑटोमॅटिकसह मिळे. २०२२ ची होंडा सिटी हायब्रिडही फक्त ऑटोमॅटिक होती. चाकणच्या कारखान्यातून निघणाऱ्या स्लाव्हिया आणि व्हर्टस या मधल्या वर्गाच्या सेडानमध्ये मात्र मॅन्युअल ठेवावाच लागला, कारण त्या किमतीत पन्नास हजार, लाख रुपयांनी निर्णय फिरतो.

महाराष्ट्रात मॅन्युअल टिकण्याचे आणखी एक कारण म्हणजे घाट. खंबाटकी, आंबोली, कुंभार्ली उतरताना दुसऱ्या गिअरवर गाडी ठेवायची आणि इंजिनाच्या ओढीवरच तिला आवरायची, ब्रेकला विश्रांती द्यायची, हे शिक्षण इथल्या चालकाला आईवडिलांकडून मिळते. सतत ब्रेक दाबला तर तो तापतो आणि ऐन वळणावर पकड सैल होते. ऑटोमॅटिक उतारावर स्वतःहून वरचा गिअर घेईल आणि गाडी सुसाट सुटेल, ही भीती म्हणून खरी आहे. उपायही त्या गाडीतच असतो. एएमटीत दांडा मॅन्युअलच्या बाजूला घेऊन हवा तो गिअर धरून ठेवता येतो. सीव्हीटीत उतारासाठी एल किंवा एस अशी खूण असते. ती खूण कशासाठी आहे हे गाडी देताना कोणी समजावून सांगत नाही, आणि बरेच मालक वर्षानुवर्षे तिला हात लावत नाहीत. विक्रेत्याने दहा मिनिटे काढून हे दाखवले, तर घाटातली कितीतरी जळक्या ब्रेकची दुर्गंधी टळेल.

मॅन्युअलचा भारतातला सर्वांत पक्का आधार टॅक्सी आणि सीएनजी हा होता. दिवसाला दोनशे-अडीचशे किलोमीटर धावणाऱ्या गाडीला स्वस्त इंधन आणि कोणत्याही गॅरेजमध्ये बदलता येणारी क्लचप्लेट लागते. पगारी चालक ठेवणाऱ्या मालकाला क्लच स्वतः दाबायचा नसतो, त्यामुळे त्यासाठी जादा पैसे देण्याचे त्याला कारण नसते. सीएनजीवर चालणारी गाडी फेब्रुवारी २०२४ पर्यंत कोणत्याच कंपनीने बिनक्लचची दिली नव्हती. त्या महिन्यात टाटाने टियागो आणि टिगोर सीएनजीमध्ये एएमटी आणली. टिगोर ही सेडान. तिच्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्या तीन पेडलच्याही मिळतात आणि दोन पेडलच्याही. २०२१ मध्ये आलेल्या तिच्या विजेवरच्या बहिणीत गिअरचा दांडाही नाही. दोन सीटांच्या मधे, जिथे दांडा असायचा, तिथे बोटांनी फिरवायची एक गोल चकती आहे.